वेळणेश्वरच्या पाण्यातला कॅमेरा

कोकणात जाऊन आलेली माणसं नारळ, कोकमं आणि समुद्राचे फोटो घेऊन परततात. मी गेल्या नोव्हेंबरात वेळणेश्वरला तीन दिवस राहून आले, ती खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेली एक फाइल घेऊन. गेले होते ऑफिसच्या कामाला. पण तो किनारा आणि तिथली माणसं न पाहिलेल्यांना सांगण्यासारखं त्या कामात बरंच निघालं, म्हणून लिहिते.

मी पुण्यात विम्याच्या ऑफिसात क्लेम विभागात आहे. पेटलेल्या गंज्या, उलटलेले ट्रक, मेलेल्या म्हशींच्या कानातले बिल्ले, हे माझं रोजचं काम. आमच्या एका उत्साही विकास अधिकाऱ्याने वेळणेश्वरच्या दत्ताराम पालशेतकर नावाच्या निवृत्त खलाशाला पाण्याखाली फोटो काढायच्या कॅमेऱ्याचा विमा विकला होता. आत पाणी शिरलं तर, हरवला तर आणि चोरीला गेला तर, अशा तिन्ही संकटांचा. असली पॉलिसी ऑफिसात कोणी पाहिली नव्हती. वर्षाच्या आत क्लेम आला. कॅमेऱ्यात पाणी शिरलं होतं.

"पाण्यात घालायच्या कॅमेऱ्यात पाणी गेलं," साहेब म्हणाले. "जाधवबाई, उद्या छत्री भिजली म्हणून क्लेम येईल."

फॉर्मवर 'नुकसानीचे कारण' या रकान्यात पालशेतकरांनी लिहिलं होतं : माहीत नाही. साहेबांनी त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला. अपघाताने पाणी शिरलं असेल तर भरपाई मिळणार होती, निष्काळजीपणाने शिरलं असेल तर नाही. आणि कारणच कळलं नाही, तर कंपनी काय समजेल हे सांगायला नकोच. रक्कम लहान, म्हणून बाहेरचा सर्वेअर न नेमता मला पाठवायचं ठरलं. दुसरं कोणी जायला तयार नव्हतं, हेही एक कारण.

कुंभार्ली घाट उतरताना

पुण्याहून कराडमार्गे चिपळूणला जाणारी एस.टी. मला आवडते, कारण तिच्या खिडकीतून एका दिवसात दोन महाराष्ट्र दिसतात. पाटणपर्यंत ज्वारी आणि पागोटी. कोयनानगर गेलं की हवा ओली होते आणि घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर माणसांचा आवाजही बदलतो. कंडक्टर वरच्या अंगाला "चला, सरका" म्हणत होता, तोच अलोऱ्याला कोयनेच्या वसाहतीतल्या बायका पिशव्या घेऊन चढल्यावर "जरा आत व्हा वो" म्हणायला लागला. अर्थ तोच, पण शेवट लांबवून, थोडा वर नेऊन. कोकणात हुकूमसुद्धा विनंतीच्या सुरात देतात. आमच्या साताऱ्याकडे विनंतीही हुकमाच्या सुरात करतात, मीही तशीच करते.

चिपळूण, गुहागर, आणि मग वेळणेश्वर. शेवटच्या टप्प्यात गाडी कातळावरून जाते. तांबड्या-काळ्या दगडाचं मोठं पठार, त्यावर वाळून पिवळं झालेलं गवत, सावलीला झाड नाही. एवढा उजाड मुलूख पाहून आता समुद्र काय दिसणार असं वाटतं, आणि नेमकी तिथेच गाडी खाली कलंडते. नारळी-पोफळींचा हिरवा ढीग, त्यात महादेवाच्या देवळाचं शिखर आणि पलीकडे चंद्रकोरीसारखी वाळू. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने देवळाच्या दिशेने हात जोडले. मी फाइल काढून पत्ता पाहिला.

पालशेतकरांची ओटी

दत्ताराम पालशेतकर पंचावन्नच्या आसपासचे, बुटके, खांद्यांनी रुंद. त्यांची बायको शेवंतीवहिनी, उंच आणि सडसडीत. घर चिऱ्याचं, पुढे ताजं सारवलेलं खळं, कडेला भाताच्या पेंढ्याच्या दोन उडव्या. पालशेतकर मला घ्यायला खळ्यात आले तेव्हा कळलं, त्यांचा डावा पाय फरफटत होता.

"जहाजावर दोर तुटला, बाय," मी न विचारता ते म्हणाले. "पाय रावला, पण कंपनीने घरी बसवलंन. सव्वीस वर्सं इंजिनात होतो."

नियमाप्रमाणे क्लेम करणाऱ्याच्या घरी चहासुद्धा घ्यायचा नसतो. नियम करणाऱ्यांनी वेळणेश्वर पाहिलेलं नसावं. तिथे खानावळ नाही. झोपायला देवळाजवळ यात्रेकरूंची एक खोली मिळाली, जेवण पालशेतकरांकडे. पहिल्याच दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि तळलेला बांगडा आला. आमच्याकडे मटणाला हाड असतं, ते एक असतं आणि दिसतं. बांगड्याचा काटा मला तिसऱ्या घासाला लागला. वहिनींनी कोरड्या भाताची मूठ गिळायला लावली आणि काटा उतरल्यावर म्हणाल्या, "घाटावरची मानसं मासा खात नाय, मासाच त्यांना खातो."

जेवणानंतर मी म्हटलं, "कॅमेरा दाखवा."

पालशेतकरांनी मला विहिरीजवळ नेलं. तिथे सावलीत पितळेची कळशी होती, वर ओलं फडकं. फडकं काढलं तर आत, गोड्या पाण्यात बुडलेला, कॅमेरा.

मी फाइल उघडून फॉर्म पुन्हा पाहिला.

"खारं पानी लागलेलं लोखंड उघड्यावर ठेवलंत की गंजतं," ते म्हणाले. "पान्यात ठेवलंत की कमी गंजतं. इंजिनात शिकलो. इमेवाले बघेस्तोवर उघडून दुरुस्ती करू नका, असं तुमच्याच लोकांनी सांगितलंनी. म्हणून असा ठेवला. ही दिवसातून दोनदा पानी बदलते. महिना झाला."

महिनाभर दिवसातून दोनदा विहिरीचं पाणी. निष्काळजीपणाचा मुद्दा मी मनातल्या मनात जवळजवळ खोडला. पण मनातल्या मनात खोडलेलं साहेब मान्य करत नाहीत.

कॅमेरा जपानी बनावटीचा. शेवटच्या सफरीत त्यांनी स्वतः आणला होता, आणि आता तसा दुसरा आणायला जपानला जाणारं जहाज त्यांच्यासाठी नव्हतं. त्याच्या मागच्या झाकणाभोवती खाच असते, खाचेत काळ्या रबराचं कडं बसतं, कड्याला पांढरं मलम लावायचं. झाकण दाबलं की ते कडं पाण्याला आत येऊ देत नाही. सारा विमा, सारा कॅमेरा त्या बांगडीएवढ्या रबरावर उभा. ते कधी बदललं, किती वेळा पुसलं, मलम कुठलं, सगळं त्यांनी तारीखवार सांगितलं. माझ्या ऑफिसात आलेला एकही ट्रकवाला इतकं सांगू शकत नाही.

"मग पाणी कसं शिरलं?"

"म्हाईत नाय," ते म्हणाले आणि कळशीवर फडकं टाकलं.

मी विचारलं, हा उद्योग सुचला कसा. रत्नागिरीच्या एका कॉलेजला खडकाळ किनाऱ्यावरच्या जीवांच्या रंगीत चित्रांचा संच हवा होता, आणि तिथल्या सरांनी यांच्यावर काम सोपवलं होतं. दसरा ते शिमगा पाणी काचेसारखं असतं, पुढे गढुळतं. म्हणजे हातात पाच महिने, त्यातला एक कळशीत गेलेला.

"आनि दुसरं सांगू?" ते म्हणाले. "जमिनीवर मी लंगडा. पान्यात नाय."

खडपावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, जिथे पाणी शिरलं ती जागा पाहायची. होडी इस्माईलभाईंची. त्यांची दाढी पांढरी, कमरेला चौकड्यांची लुंगी, आणि पालशेतकरांशी शाळेपासूनची दोस्ती. मला पाहताच त्यांनी विचारलं, "बाय, समुद्राचा पन इमा हाय काय तुमच्याकडे?"

"प्रीमियम कोण भरणार?"

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

होडी उत्तरेच्या खडपाजवळ, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या रांगेजवळ, थांबली. तिथे पाणी दीड पुरुष. खाली पाहिलं आणि मी फाइल विसरले, हे प्रामाणिकपणे लिहिते. दगडावर जांभळी फुलं होती, ती फुलं नव्हती, हात लावला की मिटणारे जीव होते. पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे, बोटाएवढे, एकदम वळत होते, पी.टी.च्या वर्गासारखे. पालशेतकर सदरा काढून, तोंडावर काच लावून पाण्यात उतरले आणि मला पहिल्यांदा कळलं त्यांनी आदल्या दिवशी काय सांगितलं होतं. तो फरफटणारा पाय पाण्यात शेपटीसारखा चालत होता.

इस्माईलभाईंनी त्या दिवसाची साक्ष दिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती पहिली बुडी. दत्ताराम वर आला, कॅमेऱ्याच्या काचेत पाणी हलत होतं. "तो काय बोल्ला नाय. मी बोल्लो, अरे शिव्या तरी दे. तर नाय."

ही साक्ष मी लिहून घेतली आणि परतताना सगळा घोटाळा केला. किनाऱ्याजवळ होडीतून उतरताना इस्माईलभाई ओरडत होते, "लाट जाऊ द्या, लाट जाऊ द्या," आणि मी, एस.टी.तून उतरायची सवय असलेली बाई, मोकळी जागा दिसताच उतरले. पुढची लाट कमरेपर्यंत आली. मी वाचले. फाइलची पिशवी गेली नाही, पण पूर्ण भरली.

"पानी शिरलं," इस्माईलभाई गंभीरपणे म्हणाले. "कारन म्हाईत हाय. मी साक्षीला येतो."

खळं

वहिनींनी मला त्यांचं लुगडं नेसायला दिलं आणि खळ्यात उन्हाला कागद पसरून दिले. पॉलिसी, तिची पुरवणी, फॉर्म, पत्रं, प्रत्येकावर वाऱ्यासाठी एकेक शिंपला. पालशेतकर आणि इस्माईलभाई होडी ओढायला गेले होते. मी ओटीवर बसून केस वाळवत होते. वहिनी कागद उलटवत होत्या, आणि एका कागदापाशी थांबल्या.

"ह्यो लाल गोल कशाला वो?"

"तिथे कारण लिहिलेलं नाही म्हणून. कारण कळलं नाही तर कंपनी म्हणणार, तुमचंच दुर्लक्ष झालं. मग भरपाई नाही."

"काय पन नाय?"

"दुरुस्तीसुद्धा नाही."

त्यांनी आधीच वाळलेले दोन कागद पुन्हा उलटवले. मग उकिडव्या बसल्या.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

मी केस पंच्यात गुंडाळले आणि पेन घेतलं. मग पेन खाली ठेवलं, कारण त्या पेनकडे बघत होत्या.

"खंडेनवमीला मी कोयता पुजला, विळी पुजली, ह्यांचा पाना पुजला. मंग ह्या कॅमेऱ्याची पन पूजा केली, झाकन उघडं होतं तशीच. का नाय करायची? आता पोट त्याच्यावर ना? हळद, कुंकू, अक्षता. दसऱ्याला सांजच्याला ह्यांनी त्याच्यात रोल घातलानी. दुसऱ्या दिवशी पानी भरून घेऊन आले. हितं ओटीवर झाकन उघडलानी, पानी वतलं, तर पान्यासंगती माझ्या पायाजवळ आली. एक अक्षत. कुंकू लागलेली. त्या रबराखाली बसली होती ती." त्यांनी आवाज खाली आणला. "मी तिच्यावर पाय ठेवला."

"पाय?"

"मंग? ह्यांना दिसली असती. मागनं देवाची माफी मागितली."

"सांगितलं का नाही?"

"ह्ये रागावून बोलत नाय, बाय. बोलनारा मानूस असता तर सांगितलं असतं. ह्ये नुसते गप बसले असते. जलमभर."

महिनाभर दिवसातून दोनदा कळशीचं पाणी का बदललं जात होतं, ते मला कळलं.

मी त्यांना सांगितलं की हे लिहून द्यावं लागेल. त्या म्हणाल्या, सातवी झालेय, लिहिता येतं, पण ह्यांच्यासमोर नको. मी काही कबूल केलं नाही. आधी पुरावा पाहायचा, ही माझी सवय.

पालशेतकर आल्यावर मी त्यांना म्हटलं, ते रबराचं कडं दाखवा. ते बिस्किटाच्या डब्यात ठेवलं होतं. कळशीत कॅमेऱ्याबरोबर ते नव्हतं, मग कुठे आहे, हे मी आदल्या दिवशीच विचारायला हवं होतं. त्यांनी डबा उघडला आणि मिटायला लागले, पण म्हशीच्या कानातले पुसट नंबर वाचून माझे डोळे तयार झालेत. पांढऱ्या मलमात एका जागी, तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा होता आणि त्यात लाली.

"हे काय?"

ते खळ्याच्या कडेला बसले. आत वहिनींची भांडी वाजत होती.

"तुमी बघितलात," ते म्हणाले. "कुंकू. मी त्याच दिवशी बघितलं. तिला सांगू नका."

"म्हणून तुम्ही फॉर्मवर माहीत नाही लिहिलंत?"

"माझा पाय असा झाल्यापासून ती मला पान्यात सोडायला तयार नव्हती. दोन वर्सं. खंडेनवमीला त्याची पूजा केलीन आनि बोल्ली, आता जा. ती मला सोडते ती तेवढ्याच जिवावर. पूजेनंच पानी शिरलं असं कळलं तर परत सोडेल काय? कॅमेरा नवा घेता येईल, बाय. म्हंजे, नाय येनार. पन तरी."

बावीस वर्षं मी क्लेम पाहतेय. लोक कंपनीपासून लपवतात, हे मला नवीन नाही. नवरा-बायको एकमेकांपासून लपवतात आणि त्यात स्वतःचाच क्लेम बुडवतात, हे पहिल्यांदा पाहिलं. दोघांनी मला एकमेकांना न सांगण्याची गळ घातली होती, आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

मी वहिनींना हाक मारली. त्या हात पुसत आल्या.

"बसा," मी म्हटलं. "पालशेतकर, यांना अक्षत मिळाली होती. वहिनी, यांना कुंकू दिसलं होतं. आता दोघांनी मिळून कारण लिहा, मला कागद वाळवून फाइल लावायची आहे."

माडावर कावळा ओरडत होता. मग पालशेतकर बायकोला म्हणाले, "तुला मिळाली? कुठं गेली मंग?"

"पाय ठेवला."

"अक्षतीवर पाय ठेवलास?"

"मंग काय तुमच्या डोक्यावर ठेवू?"

ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून. वहिनी हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून त्यांनी मान वळवली, आणि तशाच म्हणाल्या, "पूजा मी त्या डबड्याची नव्हती केली. तुमची केली होती. डबडं बुडालं, तुमी वर आलात ना?"

"आलो."

"मंग झालं तर."

"म्हंजे परत जाऊ?"

"इमेवाल्या बाईंना इचारा," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, लिहा. पालशेतकरांनी एका कागदावर लिहिलं, वहिनींनी दुसऱ्यावर. दोघांच्या मजकुरात एका शब्दाचाच फरक होता, एवढंच की पालशेतकरांच्या कागदावर 'चुकून' होतं आणि वहिनींच्या कागदावर 'माझ्या हातून'. मी वहिनींना सांगितलं, तुमच्यातही चुकून लिहा. त्यांनी लिहिलं, पण 'माझ्या हातून' खोडलं नाही. रात्रीच्या जेवणाला तिसऱ्यांचं कालवण होतं. शिंपल्यात काटा नसतो, म्हणून मी पोटभर जेवले.

पुणे

साहेबांनी दोन्ही कागद वाचले.

"हा अपघात कसा? पूजा तर जाणूनबुजून केली."

"पूजा जाणूनबुजून. दाणा चुकून."

"तरी शहाण्या माणसाने घ्यावी तेवढी काळजी घेतली का, हा प्रश्न राहतोच. पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय. यंत्रावर तांदूळ टाकणं ही शहाण्या माणसाची काळजी आहे का, जाधवबाई?"

मी त्यांच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर उचलला. नवा, सौरऊर्जेवर चालणारा, त्यांना त्याचा अभिमान. 'बरोबर'च्या बटणाखाली फटीत कुंकू होतं, आणि हलवला की आत काहीतरी खुळखुळत होतं. तीच खंडेनवमी आमच्या ऑफिसातही झाली होती. टाइपरायटरपासून तिजोरीपर्यंत सगळ्यांवर, पूजा खुद्द साहेबांच्या हस्ते.

साहेबांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातून घेतला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि शेरा लिहिला : 'अपघात. मंजूर.' त्याखाली त्यांनीच एक अट घातली, आणि मुंबईहून दुरुस्त होऊन कॅमेरा परत गेला तेव्हा ती टाइप करून पॉलिसीला जोडली गेली. विमेदाराने यंत्राची पूजा झाकण बंद ठेवून फक्त फुलाने करावी. अक्षता वर्ज्य. देशातल्या दुसऱ्या कुठल्या पॉलिसीत असं कलम असेल, असं मला वाटत नाही.

माघ संपता संपता वेळणेश्वरहून पाकीट आलं. आत एक रंगीत फोटो, पाण्याखालून काढलेला. मला जांभळे जीव आणि पट्ट्यांचे मासे अपेक्षित होते. फोटोत वाळू होती, वर हलणारं ऊन होतं, आणि मधोमध दोन पाय, गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेतलेले, बोटांत जोडवी. मागे वहिनींच्या अक्षरात एक ओळ : 'ह्यांचा रोज पाण्यात जाण्याचा हट्ट, म्हणून मी हितवर सोबत येते.'

मी फोटो फाइलला लावला. त्यावर शेरा लिहिला : यंत्र चालू आहे.